चेंडू सोडा, बेस धरा

डरहम गाव तंबाखूवर मोठं झालं. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या या गावात एकोणिसाव्या शतकात ‘बुल डरहम’ नावाची तंबाखू निघाली. पुडीवर बैलाचं चित्र होतं आणि तो बैल गावाला असा चिकटला की तंबाखू गेली तरी तो काही हटला नाही. अमेरिकन टोबॅको कंपनीचा इथला कारखाना १९८७ साली बंद पडला. लाल विटांच्या त्या इमारतींत आता कचेऱ्या आणि हॉटेलं आहेत. धुराड्यावरची आणि पाण्याच्या टाकीवरची ‘लकी स्ट्राइक’ ही अक्षरं मात्र जपून ठेवली आहेत. तिथून रस्ता ओलांडला की डरहम बुल्स या बेसबॉल संघाचं मैदान. संघाचा जन्म १९०२चा. तेव्हा त्याचं नाव ‘टोबॅकोनिस्ट्स’ होतं, बैल नावात नंतर शिरला.

माझा भाचा जवळच्या कॅरीत राहतो. कॅरी, मॉरिसव्हिल हा सगळा पट्टा संगणकवाल्यांचा आणि औषध कंपन्यांचा. मराठी घरं इतकी की किराणा दुकानात भाकरीचं पीठ शोधताना शेजारून ‘अहो, जरा सरका’ ऐकू येतं. मी पुण्यात क्लब क्रिकेटचे फोटो काढतो. कॅमेरा घेऊन गेलोच होतो, म्हटलं इथला खेळ बघू. भाच्याने तिकिटं काढली आणि वर बजावलं, “मामा, बेसबॉल कंटाळवाणा असतो हं. हॉट डॉग चांगला मिळतो, तेवढ्यासाठी चला.”

मायनर लीग म्हटलं की आपल्याला वाटतं, गावपातळीवरची हौशी स्पर्धा असेल. तसं नाही. वरच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ असतात. २०२१ साली झालेल्या फेररचनेनंतर असे एकूण १२० संघ उरले, त्याआधी १६० होते. सर्वांत वरच्या पायरीला ट्रिपल-ए म्हणतात. डरहम बुल्स तिथे खेळतात आणि १९९८पासून ते टॅम्पा बे रेज या मोठ्या संघाला जोडलेले आहेत. यातली गंमत पैशाच्या वाटपात आहे. खेळाडूंचे पगार वरचा संघ देतो, कोण खेळणार आणि कोण बसणार हेही तोच ठरवतो. स्थानिक मालकाच्या हाती उरतं मैदान, तिकीट, खाणंपिणं आणि करमणूक. चांगला खेळाडू आज इथे शतकवीरासारखा तळपतो आणि उद्या सकाळी टॅम्पाकडे रवाना होतो. त्यामुळे संघ जिंकावा असं सगळ्यांना वाटत असलं तरी हरल्याचं दुःख कुणी घरी नेत नाही. मालक संध्याकाळ विकतो, निकाल विकत नाही.

फोटो काढणाऱ्याला हे फार सोयीचं. मोठ्या स्टेडियममध्ये साध्या तिकिटावर तुम्ही खेळापासून कोसभर दूर असता. इथे प्रेक्षक बसतील दहाएक हजार आणि पहिल्या काही रांगांतून खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उभं राहण्याच्या पट्टीपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षाही थोडं कमी. धावणाऱ्याने गाठायच्या एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. म्हणजे खेळातलं जे काही महत्त्वाचं घडतं त्यातलं बरंचसं एवढ्याशा चौकोनात. क्रिकेटमध्ये सीमारेषेबाहेर बसून ४००–६०० मिलिमीटरची तोफ लागते. इथे डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या, मागे बसलं तर ७०–२०० पुरते.

निघण्यापूर्वी एक काम करावं, ते म्हणजे त्या क्लबचे नियम वाचणं. लेन्स किती लांब चालेल, मोनोपॉड आत नेता येतो का, पिशवी पारदर्शक हवी का, हे जागोजागी वेगळं असतं. ट्रायपॉडचा विचारच नको. काढलेले फोटो विकायचे असतील तर क्लबची लेखी परवानगी लागते. घरच्यांना दाखवायला कुणी अडवत नाही.

आत शिरल्यावर पहिली नजर सूर्याकडे जावी. बेसबॉलच्या नियमपुस्तकातच शिफारस आहे की होम प्लेटपासून पिचरमार्गे दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे मावळतीचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जाणार नाही. सगळी मैदानं हे तंतोतंत पाळत नाहीत. पण जिथे पाळलं जातं तिथे संध्याकाळी तिसऱ्या बेसकडच्या खुर्च्यांवर आधी सावली येते आणि पहिल्या बेसकडचे लोक डोळ्यांवर हात धरून बसतात.

मग बाजू ठरवायची. उजव्या हाताने मारणारा बॅटर तिसऱ्या बेसच्या अंगाला उभा राहतो आणि त्याची छाती, चेहरा पहिल्या बेसकडे असतो. म्हणून बॅटर हवे असतील तर पहिल्या बेसच्या बाजूला बसा. उजवा पिचर गुडघा वर उचलतो तेव्हा त्याची छाती तिसऱ्या बेसकडे असते, त्यामुळे पिचर हवा असेल तर पलीकडची बाजू. डावखुरे हा सगळा हिशेब उलटा करतात. मी पहिल्या बेसकडचं तिकीट पसंत केलं आणि आजही तेच करीन. कारण बेसबॉलमध्ये बहुतेक चेंडू पहिल्या बेसकडे फेकले जातात. फेकणाऱ्या प्रत्येकाचं तोंड आपोआप आपल्याकडे असतं.

डोळ्यांसमोर जाळी येते. फाउल चेंडू प्रेक्षकांना लागून गंभीर इजा झाल्यावर अमेरिकेतल्या मैदानांनी गेल्या काही वर्षांत या जाळ्या डगआउटच्या पलीकडेपर्यंत वाढवल्या. ते योग्यच झालं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलेल्या माणसाला चेंडू येताना दिसतच नाही. जाळी नाहीशी करायची युक्ती सोपी आहे. अपर्चर पूर्ण उघडा, शक्य तितके जाळीजवळ बसा आणि लेन्सच्या समोरचे दोरे सावलीत असतील अशी जागा शोधा. उन्हात चमकणारी जाळी चित्रावर दुधी पडदा टाकते, सावलीतली विरघळून जाते. लेन्सवर फोकसचं अंतर मर्यादित करण्याचं बटण असेल तर ते लावून टाका, नाहीतर कॅमेरा जाळीलाच खेळाडू समजून बसतो.

सामना सुरू होण्याआधी राष्ट्रगीत होतं. सगळे उभे, टोप्या काढलेल्या, खेळाडूंची बेसलाइनवर ओळ. आपणही उभं राहावं, आणि फोटो काढायचाच असेल तर एखादा काढून कॅमेरा खाली घ्यावा.

नवख्याने सुरुवात पिचरपासून करावी, कारण सबंध मैदानात तो एकच माणूस तेच ते पुन्हा पुन्हा करतो. डरहमच्या मैदानावर त्या संध्याकाळी एक उंच, हडकुळा पोरगा चेंडू टाकत होता. आधी बुटाच्या टोकाने पट्टीसमोरची माती उकरायची. मग खाली पडलेली राळेची पिशवी उचलून हातावर दोनदा उडवायची, बोटं पँटला पुसायची. मग चेंडू हातमोज्यात घालून वर बघायचं. त्याच्या तर्जनीचं नख इतकं बारीक कापलेलं होतं की खालचं मांस पुढे आलेलं दिसत होतं. गुडघा छातीला लागायचा, पाऊल पुढे पडायचं आणि हात मागे असा वाकायचा की कोपरापासूनचा भाग जवळजवळ जमिनीला समांतर. नेमक्या त्या क्षणी गाल फुगलेले, डोळे बारीक, ओठ एका बाजूला. तो चेहरा मिळाला की पिचरचा फोटो झाला. आता दोन चेंडूंमध्ये घड्याळही असतं. मायनर लीगमध्ये आधी वापरून मग २०२३पासून मेजर लीगने घेतलेलं हे घड्याळ शून्यावर यायच्या आत पिचरला हालचाल सुरू करावी लागते. खेळाडूंना ते आवडो न आवडो, फोटोवाल्याला ठेका मिळाला. आकडा पाचाच्या खाली आला की डोळा व्ह्यूफाइंडरला.

बॅटवर चेंडू आदळतानाचा फोटो प्रत्येकाला हवा असतो. त्याचं गणित एकदा करून पाहा. ताशी ९५ मैलांचा चेंडू सेकंदाला साधारण ४२ मीटर जातो. पिचरच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत त्याला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तुमचा कॅमेरा सेकंदाला १० फोटो घेत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये चेंडू चार मीटर पुढे गेलेला असतो. २० घेत असेल तरी दोन मीटर. बॅट आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. म्हणजे बटण दाबून ठेवणं ही लॉटरी आहे, आणि तिकिटांची किंमत तुम्ही रात्री हजारो फोटो चाळून भरता. चेंडू बॅटला लागलेला ‘दिसला’ आणि मग बोट दाबलं, तर चेंडू कधीच गेलेला असतो. बॅटरचं पुढचं पाऊल जमिनीवर टेकतं त्याच वेळी बटण दाबायचं, तेही फक्त तीन-चार फोटोंपुरतं. दिवसा शटर १/२००० ठेवलं तर चेंडूची शिवणही दिसते. १/१०००वर बॅटचं टोक जरासं हलतं. मला ते जास्त आवडतं, लाकडात जीव आहे असं वाटतं.

क्रिकेटच्या डोळ्याला खरी अडचण येते ती पुढे. आपल्याला चेंडूच्या मागे जायची सवय. फटका बसला की कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो, क्षेत्ररक्षकावर जातो. बेसबॉलमध्ये असं केलंत तर चेंडू उचलणाऱ्याची पाठ मिळते आणि खरा खेळ दुसरीकडे होऊन जातो. इथे चेंडू टाकण्याआधी ठरवावं लागतं की चित्र कुठे घडणार, आणि कॅमेरा तिथे रोखून धरावा लागतो.

हे मला शेजारच्या खुर्चीतल्या सत्तरीच्या गृहस्थांनी दाखवलं. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल, बाजूला शेंगदाण्यांची टरफलं. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला १ ते ९ असा आकडा असतो आणि ते त्या आकड्यांत सगळा सामना लिहून घेत होते. माझी लेन्स भिरभिरताना पाहून ते म्हणाले, “एक बाद आहे आणि पहिल्या बेसवर माणूस आहे. तुम्ही दुसऱ्या बेसकडे बघत बसा.” मी बसलो. पुढचा चेंडू बॅटरने खाली मारला आणि तो सरपटत दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपकडे गेला. मी तिकडे बघितलंच नाही. चौकटीत दुसरा बेस होता, तिथे दुसऱ्या बेसचा खेळाडू येऊन चेंडू घेतो आहे, खालून धावणारा घसरत येतो आहे, हा त्याच्यावरून उडी मारून हवेतूनच पहिल्या बेसकडे, म्हणजे आमच्याकडे, चेंडू फेकतो आहे. दोघे बाद. खालच्याचं हेल्मेट धुळीत, वरच्याचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, तोंड उघडं. गृहस्थांनी कार्डावर ६-४-३, म्हणजे शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, पहिला बेस, असं लिहिलं आणि एक शेंग फोडली.

मग ते इनिंगमागून इनिंग सांगत गेले. पहिल्या बेसवरचा माणूस दोन पावलं जास्त पुढे सरकलाय आणि पिचर वारंवार मान वळवून बघतोय, तर तो बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणार. पुन्हा दुसरा बेस. दुसऱ्या बेसवर माणूस आणि जोरदार फटका, तर तिसऱ्या बेसजवळच्या कोचकडे बघा. तो हात गरागरा फिरवत असेल तर धावणारा थेट घरी येणार, कॅमेरा होम प्लेटवर. त्याने दोन्ही पंजे वर केले तर थांबणार. सगळीकडे एकच सूत्र: चेंडूच्या आधी पोहोचायचं. या बाबतीत मी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा पेन्सिलवाल्या माणसाशेजारची खुर्ची पसंत करीन.

ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचे नवे नियम आधी आजमावून पाहतात, आणि त्यातून नवी चित्रंही मिळतात. अंपायरने दिलेला बॉल-स्ट्राइकचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर टपली मारतो. लगेच मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो आणि निर्णय लागतो. २०२६पासून मेजर लीगनेही ही पद्धत घेतली. टपली मारलेली दिसली की बॅटरला विसरा आणि कॅमेरा अंपायरकडे वळवा. निकाल येईपर्यंतच्या त्या काही सेकंदांत त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते दुसऱ्या कुठल्याच क्षणी मिळत नाही.

डरहमच्या मैदानाची डावीकडची भिंत ३२ फूट उंच आणि निळी आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या हिरव्या भिंतीची ही नक्कल. तिच्यावर तो बैल उभा. १९८८ साली ‘बुल डरहम’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला होता, नायक केव्हिन कॉस्टनर. शूटिंग गावातल्या जुन्या मैदानावर झालं आणि बैलाची पाटी सिनेमासाठी बनवली गेली. बुल्सच्या खेळाडूने होम रन मारला की बैलाचे डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकातून धूर येतो. पाटीवर लिहिलंय, बैलाला चेंडू मारा आणि स्टेक मिळवा. पायाखालच्या गवताला मारलात तर सॅलड. १९९५ साली संघ नव्या मैदानावर आला तेव्हा बैलाची परंपराही सोबत आली. आणि कॉस्टनरने सिनेमात घातलेला ८ नंबर क्लबने चक्क निवृत्त केला, खऱ्या खेळाडूचा करावा तसा. मला हे जरा जास्तच वाटलं, पण भाचा म्हणाला, “मामा, आपण सिनेमातल्या नटांची देवळं बांधतो.” मी गप्प बसलो.

इनिंगच्या मधल्या वेळात बैलाच्या पोशाखातला माणूस नाचतो, पोरांच्या शर्यती होतात, प्रेक्षकांत टी-शर्ट भिरकावले जातात. सराईत फोटोवाले तेव्हा कॉफी आणायला जातात. मी जागेवरच बसतो. फक्त लोकांच्या लहान मुलांचे जवळून फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढू नयेत. तिथे लोक याबाबत फार दक्ष असतात. शिवाय बॅटर समोर उभा असताना पायऱ्यांवरून चढ-उतार करायची नाही, कर्मचारी तुम्हाला हातानेच थांबवतात.

जुलैत तिथे साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो. सामना साडेसहाच्या आसपास सुरू होत असल्याने पहिले दोन तास उजेड दर इनिंगला बदलतो, आणि सगळ्यात सुंदर उजेड नेमका सूर्य मावळण्याआधीच्या इनिंगमध्ये असतो. नंतर दिवे. १/१०००, अपर्चर २.८ आणि आयएसओ ३२०० ते ६४०० यांच्या आसपास निभावतं, लेन्स ५.६वर अडकणारी असेल तर सातव्या इनिंगनंतर धावपळ सोडून डगआउटमधले चेहरे टिपावेत. जुन्या पद्धतीचे दिवे असलेल्या मैदानावर एक फोटो पिवळसर, पुढचा हिरवट असं होतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १२० वेळा उजळतो-मंदावतो. आपल्याकडे ५० हर्ट्झवर १०० वेळा. कॅमेऱ्यातली फ्लिकर टाळण्याची सोय चालू करावी. नव्या एलईडी दिव्यांखाली हा त्रास बराच कमी होतो.

डगआउटकडे लेन्स वळली की या लीगचं खरं रूप दिसतं. कुणी कुंपणाला टेकून चघळत उभा, कुणी बॅटची मूठ बोटांनी पिळतोय. २०२३च्या करारानंतर ट्रिपल-ए खेळाडूचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० झाला. त्याच वर्षी मेजर लीगमधला किमान पगार होता ७ लाख २० हजार. मध्ये एक फोन, एवढंच अंतर. इव्हान लाँगोरिया, डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल हे सगळे डरहमच्या याच बाकांवर बसून वर गेले. आपल्याकडचे दोघेही या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर येऊन गेले. २००८ साली भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी पोरं, बेसबॉल कधी पाहिला नव्हता. मेजर लीगपर्यंत दोघांतलं कुणी पोहोचलं नाही.

जायचा दिवस निवडताना मालिकेची रचना लक्षात घ्या. आता मायनर लीगमध्ये एकच पाहुणा संघ आठवडाभर मुक्कामी येतो. मंगळवार ते रविवार सहा सामने, सोमवारी सुटी. सोमवार मोकळा असेल तर जुनं मैदान बाहेरून बघून यावं, नाहीतर मॉरिसव्हिलला चर्च स्ट्रीट पार्कवर जावं. २०२३ साली अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले आणि सुटीच्या दिवशी आपली पोरं खेळताना दिसतात. शुक्रवारी बऱ्याच मैदानांवर आतषबाजी असते, तेव्हा गर्दी फार आणि जागा बदलायला वाव कमी. दोनच तिकिटं काढायची असतील तर एक मंगळवारचं काढा आणि दुसरं त्याच आठवड्यातलं गुरुवारचं. बॅटर तेच असतात. कोण पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो, कोण बेस चोरायला टपलेला असतो, हे मंगळवारी कळून चुकलेलं असतं.